सोड

"ताई, मघाचा तो रिकामा फोन होता ना, त्यात कुणीतरी टकटक करत होतं," नवी पोर म्हणाली, आणि ताईचा चहाचा कप ओठांपाशी जाता जाता थांबला. नवीने हे अगदी सहज सांगितलं होतं. दुपारची गर्दी ओसरली होती, फोन तुरळक झाले होते, आणि काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली होती. "कसली टकटक?" ताईने विचारलं. "नखाने करतात ना, तशी. तीनदा व्हायची, मग गप्प. मग परत तीनदा. मला वाटलं, कुणाचा पंखा लागतोय कशाला तरी. सांगणार होते तुम्हाला, पण तेवढ्यात पुढचा फोन आला." ताईने कप खाली ठेवला. कप बशीत नीट बसला, जराही वाजला नाही. तिला वाटलं, हेच वाक्य आपण पुन्हा एकदा ऐकलं तर कदाचित त्याचा अर्थ बदलेल. "परत सांग," ती म्हणाली. नवीने परत सांगितलं. अर्थ तोच होता.

तळमजल्यावरच्या त्या लांबट, बिनखिडकीच्या खोलीत शहराची सगळी दुखणी येऊन पडायची. कुणाच्या छातीत कळ आली, कुणी जिन्यावरून घसरलं, कुणाच्या पोटात अवेळी दुखायला लागलं, की लोक एक आखूड नंबर लावायचे आणि तो इथे वाजायचा. डोक्याला आवळलेले हेडफोन, ओठांसमोर वळवलेला काडीएवढा माईक, समोरच्या पडद्यावर नंबर. काय होतंय ते विचारायचं, पत्ता विचारायचा, आणि काचेपलीकडे बसलेल्या माणसाला सांगायचं, "सोड." की अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. त्या खोलीचं निम्मं काम या एका शब्दावर चालायचं, कारण गाडीही सोडायची असायची आणि फोनही. खोड्या काढणारी पोरं, दारुडे, चुकून लागलेले नंबर, आणि ज्यात पलीकडून कुणी बोलतच नाही ते रिकामे, हे फोन सोडायचे. कुठलं सोड गाडीचं आणि कुठलं फोनचं, ते नव्या पोरींना पहिले काही दिवस कळायचं नाही. मग कान तयार व्हायचा. गाडीचं सोड तोडून म्हटलेलं असे, फोनचं जरा कंटाळलेलं. खोलीतल्या माणसांचा यात कधी घोळ झाला नव्हता.

आणि हे कान तयार करण्याचं काम ताईचं. खोलीत सगळे तिला ताई म्हणत. ज्यांना नातू झाला होता ते शिफ्टचे साहेबसुद्धा. आलेली प्रत्येक पोर आधी महिनाभर तिच्या हाताखाली काढायची. ताई मागे उभी राहून दुसऱ्या हेडफोनने तेच बोलणं ऐकायची आणि मग शिकवायची. समोरच्याला शब्द पुरवायचा नाही, हा तिचा पहिला धडा. छातीत दुखतंय का, असं विचारायचंच नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. काय होतंय, एवढंच विचारायचं आणि थांबायचं. माईक उघडा असताना शेजारणीशी बोलायचं नाही, हा दुसरा. तो काडीएवढा दिसतो, पण मागे उभ्या असलेल्याचा श्वाससुद्धा पलीकडे पोचवतो. आणि रिकामा फोन ओळखायला शिकायचं. ताई म्हणे वासावरून रिकामा ओळखते, असं पोरी एकमेकींना सांगायच्या, आणि ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिला आवडलं होतं. तो फोन आला तेव्हा ती नवीच्या मागे चहा घेऊन उभी होती आणि दुसरा हेडफोन तिच्या गळ्यात लोंबत होता. नवीने तीनदा "बोला, ऐकतेय" म्हटलं. भिंतीवरच्या फलकावर थांबलेल्या फोनांचे दिवे लुकलुकत होते. नवीने मान वळवली आणि म्हणाली, "ताई, इथे कुणीतरी..." ताईने तिच्या गालाशी वाकून म्हटलं, "सोड गं." कुणीतरी आहे, असं नवीला म्हणायचं होतं, की कुणीतरी खोडी काढतंय, असं, ते ऐकून घ्यायला ताई थांबली नाही. तिला ते वाक्य संपण्याआधीच कळलं होतं. तिला सगळ्यांचीच वाक्यं संपण्याआधी कळत.

"नंबर काढ त्याचा." नवीने पडद्यावरची यादी मागे सरकवली. ताईला तो पूर्ण वाचावा लागला नाही. पहिले तीन आकडे दिसले आणि उरलेले तिच्या डोक्यातून आपणहून खाली उतरले. आईच्या घरचा नंबर. तो जुन्या पद्धतीचा, वायरीचा फोन बसवायचा हट्ट ताईचाच होता. ती वळली आणि काचेपलीकडच्या माणसाला पत्ता सांगून म्हणाली, "सोड." तोडून म्हटलं. मग नवीला बाजूला सारून तिने स्वतः तो नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. त्या घंटेबरोबर तिला तो फोन दिसत होता, दारामागच्या तिवईवरचा, त्याच्याखालचा क्रोशाचा रुमाल, आणि बाजूला आईची गोळ्यांची डबी. कुणी उचलला नाही. साहेब उठून आले. खोलीतल्या बाकीच्या पोरी समोर बघत बसल्या होत्या, कान इकडे. "आधी आलेला? मग सोडला कुणी तो?" साहेबांनी विचारलं. तसं रागाने नव्हे, लिहून ठेवावं लागतं म्हणून. नवीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी..." ती म्हणाली, आणि पुढचं काही तिच्या घशातून येईना. ताईने आयुष्यात कुणाचं वाक्य असं अर्धवट लोंबकळू दिलं नव्हतं. ते दिलं. तिने कपाटातून पर्स काढली, चपला पायात सरकवल्या, आणि नवीच्या त्या "मी"पुढे एक शब्द न घालता ती दाराबाहेर पडली.

टॅक्सीत बसल्यावर तिने ड्रायव्हरला पत्ता सांगितला आणि मग आपण सांगितला की नाही असं वाटून परत सांगितला. "कळलं हो बाई," तो म्हणाला. बाहेर दुकानांची शटरं अर्धी वर, एक माणूस शिडीवर चढून पाटीची अक्षरं पुसत होता, एका बाईने दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कोपराने दार ढकललं. सगळं रोजच्यासारखं चाललेलं पाहून ताईला संताप आला आणि लगेच त्या संतापाची लाज वाटली. ती मांडीवरच्या पर्सवर नखाने टकटक करत होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने हात मुठीत घेतला. ती टकटक तिनेच शोधलेली. धाकटी बहीण तेव्हा पाच वर्षांची असेल, ताई आठ. धाकटी बोलायला लागायची आणि पहिल्याच अक्षरावर अडायची. ओठ जुळायचे, पापण्या थरथरायच्या, मानेची शीर ताठ व्हायची आणि आतला शब्द आतच. जिन्याखाली दोघी खेळत होत्या, धाकटीच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि कशावर तरी अडलेली असताना तिचं नख त्या डब्यावर तीनदा वाजलं आणि शब्द सुटला. ताईनेच ते हेरलं. "परत कर," ती म्हणाली, "परत." संध्याकाळपर्यंत दोघी जिन्याखालीच होत्या आणि धाकटीने आपलं स्वतःचं नाव सलग उच्चारलं. आईला सांगायला ताई धावत वर गेली. धाकटी मागून चढत होती, तिलाच सांगायचं होतं, पण ती वर पोचेपर्यंत ताईने सांगून टाकलं होतं.

आई दिवसभर कामाला. घरी येई तेव्हा तिचे पाय सुजलेले, आणि धाकटीने काही सांगायला सुरुवात केली की ती डोळे मिटून घेई. रागाने नाही, तिच्यात तेवढं त्राणच नसे. "तू मोठी आहेस," ती ताईला म्हणायची, "तिचं तोंड तू हो." आणि ताई झाली. शाळेत धाकटीची तोंडी परीक्षा असली की बाई ताईला तिच्या वर्गातून बोलावून घ्यायच्या, आणि धाकटीने पाठ केलेली कविता ताई म्हणायची, आणि मार्क धाकटीला पडायचे. दुकानात धाकटी "सा..." म्हणायची आणि ताई "साबण" म्हणून मोकळी व्हायची. घरी आल्यावर आई ओरडली की साखर आणायला पाठवलं होतं, साबण कशाला आणलात. तेव्हा कळलं की धाकटी सबंध रस्ता साबणाची वडी हातात धरून गप्प चालत आली होती. "मग सांगायचं नाही का मला?" ताई म्हणाली. सगळे हसले होते, धाकटीसुद्धा. घरात ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं गमतीची म्हणून सांगितली गेली. आता टॅक्सीत ती ताईला आठवली आणि तिला त्या साबणाचा वास आला, ओला कागद आणि साबण, आणि त्या मुलीची घट्ट मिटलेली मूठ दिसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते तिला सापडेना.

लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. ताई ते ऐकून मान खाली घालायची. एक गोष्ट तिने कुणाला कधी सांगितली नाही आणि स्वतःलाही फारशी सांगितली नाही: तिच्याने थांबवत नसे. प्रेम होतंच, ते कुठे जातंय. पण शब्द पुरवायची ती प्रेमाने नव्हे. धाकटीचे ओठ जुळले आणि पापण्या थरथरायला लागल्या की ताईच्या अंगावर काटा यायचा, दाढेत कळ गेल्यासारखं व्हायचं, आणि ते थांबवायला मिळेल तो शब्द ती त्या भोकात कोंबायची. बरोबर निघाला तर बरोबर. धाकटी मान हलवायची. पुढे पुढे तर तिने मान हलवायचंही सोडलं. ताई म्हणेल ते धाकटीचं म्हणणं, असंच घरात ठरून गेलं. टकटक होतीच, पण टकटक करून शब्द येईपर्यंत जो वेळ जायचा तो ताईकडे कधीच नव्हता. आणि फोनवरच्या पोरींना मात्र ती सांगत होती, थांबायचं. अनोळखी माणसांसाठी ती कितीही थांबली असती. त्यांच्यासाठी तिला पगार मिळत होता.

धाकटीला बघायला एकदा मंडळी आली होती. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा, मोठ्या कानांचा, जरा वाकलेला. सगळे प्रश्न विचारायचे धाकटीला आणि बघायचे ताईकडे, कारण उत्तर तिकडून येणार हे एव्हाना पाहुण्यांनाही कळलं होतं. त्याची आई चेष्टेने म्हणालीसुद्धा, "लग्न नक्की कुणाशी करायचंय म्हणायचं?" तो मुलगा मात्र एकटाच धाकटीकडे बघत होता. शेवटी त्याने स्वतःच विचारलं, "पसंत आहे का मी?" धाकटी "न..." म्हणाली. तिचं बोट खुर्चीच्या हातावर होतं. एक टक ऐकू आली, दुसरी आली. ताईला वाटलं, ही आता तोंडावर नाही म्हणणार, बिचाऱ्याचा अपमान होणार. ती हसून म्हणाली, "नंतर कळवते म्हणतेय." मंडळी समजायचं ते समजली आणि उठली. तो जिना उतरताना दोनदा वळून बघत होता. त्यालाही बरीच वर्षं झाल्यावर एकदा दोघी बहिणी भांडी घासत होत्या, आणि धाकटीने हातातल्या पातेल्यावर नखाने तीनदा वाजवलं आणि म्हणाली, "न...नक्की म्हणणार होते." कशाबद्दल ते ताईला विचारावं लागलं नाही. ताईचा राखेने भरलेला हात आपल्या पातेल्यात तसाच राहिला. आणि मग ती काय म्हणाली असेल? "मग तेव्हाच का नाही बोललीस?" हे म्हणाली. धाकटीने पातेलं विसळलं आणि पालथं घातलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ताईने कामाच्या जवळ एक खोली घेतली आणि ती वेगळी राहू लागली. शिफ्ट विचित्र असतात, असं तिने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. धाकटी आईजवळ राहिली. ती कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात जायची. मेणाचे साचे, गुलाबी हिरड्या, त्यात एकेक दात बसवून घासून चकचकीत करायचे. तिथे दिवसभर बोलावं लागत नसे आणि तिच्या हाताच्या कामाला नाव होतं. "एकीने तोंड दिलं, दुसरी दात देतेय," आई म्हणायची आणि स्वतःच खोकेपर्यंत हसायची. ताई सुट्टीला घरी गेली की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती गाड्या सोडल्यास गं या आठवड्यात?" ताई रंगवून सांगायची. म्हणजे मी अशी वळते, काचेकडे बघते, म्हणते सोड, की भोंगा वाजवत निघालीच. धाकटी समोर बसून ओठ किंचित उघडे ठेवून ऐकायची. फोन कसे सोडतो ते ताईने कधी सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं? मग आईचं हृदयाचं दुखणं सुरू झालं, आणि ताईने तो वायरीचा फोन बसवून घेतला आणि धाकटीला त्याच्यासमोर बसवून नंबर पाठ करून घेतला. धाकटी फोनला हात लावत नसे. समोर माणूस नसला की तिचा आवाज पार गोठायचा. "अगं, तुला बोलायला लागणारच नाही," ताई म्हणाली. "माझा मोबाईल कपाटात असतो, त्यावर नको लावूस. हा लाव आणि नुसतं टकटक कर. कुणीही उचलू दे, मी तिथेच असते. मी ओळखणार नाही का? ओळखेन, सोड म्हणेन, झालं तुझं काम." धाकटीने रिसीव्हर उचलून नखाने वाजवून दाखवलं. टक टक टक. ताईने काचेकडे वळल्याचा अभिनय करून म्हटलं, "सोड." आईसुद्धा हसली होती.

मोबाईल वाजला. गाडीवरचा माणूस होता. तोही तिला ताईच म्हणायचा. "ताई, पेशंटला घेतलंय. तुम्ही घरी नका जाऊ आता, थेट तिकडेच या." कसं आहे, ते तो बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. ही भाषा तिचीच होती. घरच्यांना थेट तिकडेच बोलवा, असं सांगायला तिनेच शिकवलं होतं. तिने ड्रायव्हरला रस्ता बदलायला सांगितलं. त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता गाडी वळवली. नवी आता काय करत असेल, असं तिच्या मनात आलं. पोर रडत असेल, किंवा रडू न देता पुढचे फोन घेत असेल. कालच तिने विचारलं होतं, "ताई, तुम्हाला कधी भीती वाटली नाही का, की आपण चुकलो तर?" ताई म्हणाली होती, "मी आहे ना मागे." हे वाक्य ती प्रत्येकीला म्हणायची. तिला खात्रीने वाटलं की आपण फोन करून साहेबांना सांगावं, मी सोडायला सांगितलं म्हणून. मोबाईल हातातच होता. तिने तो पर्समध्ये टाकला. पोचल्यावर सांगू, आईचं कळल्यावर सांगू, असं म्हणत ती बाहेर बघत राहिली.

दवाखान्याच्या मागच्या दाराशी गाडी उभी होती, तिची मागची दारं उघडी, आणि तो माणूस पायरीवर बसून पाणी पीत होता. तिला बघून उठला. "दार उघडंच होतं," तो म्हणाला. "बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, आमची वाट बघितल्यासारख्या. एक शब्द बोलल्या नाहीत. माझा हात धरून आत नेलं." मग जरा घुटमळून म्हणाला, "आम्ही आपलं केलं करायचं ते, ताई." आतल्या खोलीतून तरुण डॉक्टर बाहेर आली, हातमोजे काढता काढता. वयाने नवीएवढीच असेल. तिने नातं विचारलं आणि मग ते सांगितलं, सरळ, आडपडदा न ठेवता. आई गाडीतच गेल्या. "थोडं आधी जर..." डॉक्टर म्हणाली आणि थांबली, कारण पुढचं म्हणून आता काय होणार होतं. ते वाक्य कुणीही पुरं केलं असतं. ताईने मान हलवली. आईला बघायला ती आत गेली, आणि आईच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली, आणि तिला रडू आलं नाही याचं तिला भयंकर वाटलं. आईच्या उजव्या हाताची मूठ अर्धवट उघडी होती, कुणीतरी तो हात बराच वेळ धरून ठेवला असावा तशी.

धाकटी बाहेरच्या लांब बाकावर बसली होती, मांडीवर आईच्या चपला. गाडीत चढवताना त्या पायातून पडल्या असणार. ताई शेजारी बसली. समोरून एकजण फरशी पुसत गेला आणि दोघींनी एकदम पाय वर घेतले, लहानपणी घ्यायच्या तसे, आणि फरशी वाळेपर्यंत तसेच ठेवले. "छोटे," ताई म्हणाली. तिला विचारायचं होतं, कसं झालं, कधी झालं. पण तिला त्याहून आधी दुसरंच हवं होतं. धाकटीला काय माहीत आहे, ते तिला हवं होतं. धाकटीने वर बघितलं. डोळे कोरडे, सुजलेले. "तू..." ती म्हणाली. ते सहज आलं. मग ओठ गोल झाले, "सो..." आणि अडलं. पापण्या थरथरल्या, मानेची शीर ताठ झाली, आणि ताईच्या दाढेत ती ओळखीची कळ उठली. शब्द तिच्या जिभेवर येऊन उभे राहिले, एकामागून एक, सगळे बरोबर असतील असे. सोडून गेली ना आई. सोसलं नाही तिला. सोबत नव्हतीस तू. कुठलाही घातला असता तरी हे थांबलं असतं. तिने खालचा ओठ दातात धरला आणि ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिने धाकटीच्या चेहऱ्याकडे त्या वेळेला बघितलं, नजर न काढता, आणि तिला दिसलं की अडलेली असताना धाकटी घाबरलेली नसते. ती नुसती काम करत असते, दात बसवताना करते तसं. धाकटीचं नख बाकाच्या लोखंडी हातावर वाजलं. टक, टक, टक. "सोड म्हणालीस," ती म्हणाली.

"ऐ...ऐकलं मी," धाकटी म्हणाली. आता ती अडत होती, पण थांबत नव्हती. कुणी मधे येत नव्हतं. "ती मुलगी ता...ताई म्हणाली. मग तुझा आवाज आला. जवळून. सोड." तिच्या त्या सुजलेल्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि ते राग नव्हता, आरोप नव्हता. "साबण", "नंतर कळवते", सगळं ऐकून घेतलेल्या त्या तोंडावर ताईबद्दलचा अभिमान होता. "तू ओ...ओळखलंस. मला वाटलं होतं, नाही ओळखणार." नख पुन्हा वाजलं. "म्हणून मी थां...थांबले. शेजारी नाही गेले. दार उघडून ठेवलं आणि आईचा हात धरून बसले. तिला सांगितलं, ताईने गाडी सो...सोडलीय. तिने मान हलवली." मग ती आईच्या चपलांचे पट्टे सारखे करत राहिली. "खूप वेळ लागला," ती म्हणाली. "र...रस्त्यात गर्दी असेल."

असेल, असं म्हणता आलं असतं. धाकटीने ते वाक्य तयार करून पुढे ठेवलं होतं, नुसती मान हलवायची होती, आणि मान हलवून चालवून घेणं काय असतं हे या घरात एकीला पुरेपूर माहीत होतं. "छोटे," ताई म्हणाली, "मी..." आणि तिला तिथेच ती नवी पोर दिसली, पांढराफटक चेहरा आणि हाच शब्द. पुढचा शब्द येईना. ओठ उघडे होते, जीभ होती, वाक्य तर कधीचं तयार होतं, तीन-चार शब्दांचं साधं वाक्य, आणि ते घशाच्या आत कुठेतरी रुतून बसलं होतं. मानेची शीर ताठ झालेली तिला आतून कळली. तिने पुन्हा "मी..." म्हटलं. धाकटी तिच्याकडे बघत होती. तिने काही पुरवलं नाही. चपला बाजूला बाकावर ठेवल्या, ताईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि त्याच्या पाठीवर नखाने हलकेच तीनदा वाजवलं. मग ती थांबली. तिला काही घाई नव्हती.